उन्हाळा आहे म्हणून टायरमधली हवा कमी करू नका!

लग्नसराई भरात आहे, परीक्षा संपत आल्या आहेत, आणि थोड्याच दिवसांत घरोघरच्या गाड्या गावाच्या, देवदर्शनाच्या, कोकणाच्या वाटेला लागतील. निघण्याआधी गाडी धुतली जाईल, टाकी भरली जाईल, एसी नीट चालतोय ना ते पाहिलं जाईल. मग कोणीतरी म्हणेल, "अरे, हवा बघून घे." आणि पंपावर किंवा पंक्चरच्या दुकानात अगदी आपुलकीने सल्ला मिळेल, "साहेब, ऊन फार आहे. लांब जायचंय ना? दोन-चार पॉइंट कमीच ठेवतो, तापून वाढेल."

हा सल्ला मानू नका. ही कळकळीची विनंती आहे. सांगणाऱ्याच्या मनात तुमची काळजीच असते, पण सल्ला उलटा आहे. वेगात धावणारा टायर फुटण्यामागे तापून वाढलेली हवा असते असं आपण धरून चालतो. खरं मोठं कारण असतं ते आधीपासून कमी असलेली हवा. ही गोष्ट मे महिना उजाडायच्या आत प्रत्येक गाडीवाल्यापर्यंत, प्रत्येक पंपापर्यंत आणि वऱ्हाड नेणाऱ्या प्रत्येक चालकापर्यंत पोचायला हवी.

टायर गाडीचं वजन पेलतो कसा, इथून सुरुवात करू. आपल्याला वाटतं की वजन रबर पेलतं. तसं नाही. रबर, त्यातले दोरे आणि पोलादी तारांचे पट्टे हवा कोंडून ठेवतात. वजन पेलते ती ही कोंडलेली हवा. तिच्या दाबाने टायरच्या बाजूच्या भिंतींमधले दोरे सगळीकडून ताणलेले असतात. जमिनीला टेकलेल्या ठिकाणी भिंत फुगते, तिथल्या दोऱ्यांचा ताण सैल पडतो, आणि वरच्या बाजूचे दोरे रिमला वर खेचून धरतात. म्हणजे गाडी टायरवर बसलेली नसते, ती टायरच्या वरच्या अर्ध्या भागाला टांगलेली असते. हवा कमी झाली की हे टांगणं ढिलं पडतं.

हिशोब साधा आहे. माणसांसह १,२०० किलोची गाडी धरली तर एका चाकावर ३०० किलो येतात. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलोचा दाब. म्हणजे रस्त्याला टेकतो तो भाग साधारण १३० चौरस सेंटिमीटर, बोटांसकट पसरलेल्या पंजाएवढा. असे चार पंजे, एवढ्यावरच आपण मुलाबाळांना घेऊन ताशी शंभरने जात असतो. हवा २५ वर आली की हाच भाग १७० चौरस सेंटिमीटरच्या घरात जातो. टायर जास्त दबतो, भिंत जास्त वाकते. धोका या वाकण्यात आहे.

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या साध्या कारचं चाक सेकंदाला सुमारे १५ फेरे घेतं, तासाला ५० हजारांहून जास्त. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की ती जिथे वाकते तिथे हाताला चटका बसतो, तोच प्रकार इथे घडतो. रबर वाकवायला लागलेली सगळी शक्ती ते परत देत नाही. काही शक्तीची उष्णता होते आणि ती आतच साठते, कारण रबरातून उष्णता सहज बाहेर पडत नाही. नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या कडा सर्वांत जास्त तापतात. तिथे रबराची पोलादावरची पकड सुटू लागते. बाहेरून काही दिसत नाही, आवाजही येत नाही. मग एका क्षणी वरचा थर सोलून निघतो किंवा भिंत फाटते, आणि आपण म्हणतो, "अचानक टायर फुटला." तो अचानक फुटलेला नसतो. तासाभरापासून, कधी कधी महिन्याभरापासून तो आतून सुटत आलेला असतो.

आता उन्हाचा प्रश्न. तापल्यावर हवेचा दाब वाढतो हे खरंच आहे. पहाटे ३० अंश तापमानाला ३३ पीएसआय भरलेला टायर धावून आतून ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब ३८ च्या आसपास जाईल. पाचेक पीएसआयची वाढ. टायर बनवणाऱ्याने आणि गाडी बनवणाऱ्याने ही वाढ आधीच धरलेली असते; गाडीवर छापलेला आकडा थंड टायरचाच असतो. धडधाकट टायर याच्या कितीतरी पट दाब सोसतो. शिवाय ही वाढ आपल्या भल्याची आहे. दाब वाढला की टायर ताठ होतो, कमी वाकतो, म्हणून कमी तापतो. हवा आधीच कमी ठेवली, तर ही राखणच काढून घेतल्यासारखं होतं: जास्त वाकणं, जास्त तापणं, आणि वरून मे महिन्याचं ऊन. सर्वांत वाईट म्हणजे धाब्यावर थांबून, हात लावून, "टायर तापलाय" म्हणत हवा सोडणं. कृपया हे कधीही करू नका. ताप मोजून हवा सोडलेला तो टायर रात्री गार झाल्यावर आणखी खाली येतो आणि दुसऱ्या दिवशी तसाच धावतो.

ठरल्यापेक्षा जास्त हवाही भरू नये, हे ओघाने सांगतो. मग टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो, पकड घटते, खड्ड्यात आदळल्यावर इजा जास्त होते. पण आपल्याकडे ही चूक कमी होते. आपली चूक दुसऱ्या बाजूची आहे.

हवेच्या टायरची जन्मकथाही या दुसऱ्या बाजूच्या चुकीपाशी येऊन पोचते. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. रबर चढवलेल्या कापडाची नळी आणि वरून चामड्याचं आवरण. १८४७ मध्ये लंडनच्या रीजेंट्स पार्कात घोडागाड्यांना ही चाकं लावून दाखवली, गाड्या हलक्या आणि बिनआवाज चालल्या. पण सायकल अजून घरोघरी पोचली नव्हती, मोटार तर जन्मालाच यायची होती, आणि रबर महाग होतं. शोध विस्मरणात गेला. इतका, की चाळीस वर्षांनी बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी पुन्हा तोच शोध लावला, १८८८ मध्ये पेटंटही घेतलं, आणि थॉमसनचं जुनं पेटंट पुढे आल्यावर ते गमावलं. डनलॉपचा टायर रिमला डकवलेला असायचा. पंक्चर काढणं म्हणजे कित्येक तासांचं काम. फ्रान्सच्या क्लेर्माँ-फेराँमधल्या मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये सुटा होणारा टायर आणला आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत तो मोटारीवरही चढवला. त्याच दशकात ऑगस्ट श्रॅडर यांचा व्हॉल्व्ह आला; आजही आपल्या गाडीत हवा भरताना पंपवाला नोझल लावतो ती त्याच पद्धतीच्या व्हॉल्व्हवर. सुरुवातीचे टायर पांढुरके होते. रबरात काजळी मिसळल्यावर ते झिजायचे कितीतरी कमी झाले आणि काळेही झाले.

१९४६ मध्ये मिशलँने रेडियल टायरचं पेटंट घेतलं, पुढे ट्यूबलेस टायर सर्रास झाले, आणि प्रवास फार सुरक्षित झाला. या दोन्ही सुधारणांचा मला आदर आहे. पण त्यांनी कमी हवा डोळ्यांआड केली. जुन्या टायरची हवा उतरली की तो बसलेला दिसायचा. रेडियल टायरचं पोट पूर्ण हवा असतानाही थोडं सुटलेलंच दिसतं, त्यामुळे सात-आठ पीएसआय कमी असले तरी नुसत्या नजरेला कळत नाही. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही, हळूहळू झिरपते. आठवडाभर गाडी चालवूनही पत्ता लागत नाही. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एखादा पीएसआय निघून जातो. म्हणून लाथ मारून किंवा अंगठ्याने दाबून हवा कळत नाही. ट्रकवाले लोखंडी रॉडने टायर ठोकून आवाज ऐकतात. त्यातून साफ बसलेला टायर कळेल, निम्मी वाट उतरलेला कळणार नाही. मोजलं तरच कळतं.

कमी हवा, उष्ण हवामान आणि वेग एकत्र आले की काय होतं, हे अमेरिकेने मोठी किंमत मोजून पाहिलं आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत बोलावले. त्यातले बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. धावताना टायरचा वरचा थर सुटत होता आणि गाड्या उलटत होत्या. तिथल्या सरकारी यंत्रणेने २७० हून अधिक मृत्यूंचा संबंध या टायरशी जोडला. टायर परत घेताना आधी कुठली राज्यं निवडली? ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्सस. सगळी उष्ण. टायरच्या घडणीत दोष होता, पोलादी पट्ट्यांच्या कडांपाशी, असा निष्कर्ष तिथल्या तपासात निघाला. पण त्याचबरोबर या गाड्यांसाठी फोर्डने सुचवलेली हवा होती फक्त २६ पीएसआय. नंतर ती ३० सांगितली गेली. दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवलं. त्या वादात मी पडत नाही. आपल्यासाठी महत्त्वाचं आहे ते हे, की दुबळ्या टायरला कमी हवेने, ओझ्याने आणि उन्हाने मिळून गाठलं. त्यानंतर अमेरिकेने कायदा केला, आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारमध्ये हवा एक चतुर्थांशाने उतरली की दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. भारतात अशी सक्ती नाही. काही गाड्यांत ती यंत्रणा येते. तुमच्या गाडीत असेल आणि दिवा लागला, तर "सेन्सर खराब असेल" म्हणून पुढे जाऊ नका.

आता आपल्या दारात या. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून मुंबईजवळच्या आमणेपर्यंतचा पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता वापरात आहे. त्यावर टायर फुटण्याच्या बातम्या आल्या की लोक दोष देतात सिमेंटला. "काँक्रीट तापतं, टायर घासतो, फुटतो." उन्हात डांबर सिमेंटपेक्षा जास्त तापतं, कारण ते काळं असतं. फरक रस्त्याच्या साहित्यात नाही, सलग वेगात आहे. जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर गाव येत होतं, फाटा येत होता, ट्रकमागे रखडावं लागत होतं. टायरला निवायला वेळ मिळायचा. इथे दोन-दोन तास वेग १०० च्या खाली येत नाही. शहरात महिनोन्महिने कमी हवेवर निभावलेला टायर इथे पहिल्याच दिवशी उघडा पडतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हेही विसरू नका.

प्रत्येक अपघाताचं खापर टायरवर फोडावं असं मी म्हणत नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जणांचा जीव गेला, तेव्हा टायर फुटल्याचं चालकाने सांगितलं होतं. आरटीओच्या तपासणीत तसा पुरावा मिळाला नाही. झोप, वेग, लेन तोडणं ही कारणं आपापल्या जागी आहेतच. पण ती टाळायला मनाचा निर्धार लागतो. हवा मोजायला पाच मिनिटं लागतात.

ती पाच मिनिटं कशी वापरायची? चालकाच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, खांबाच्या आतल्या बाजूला किंवा पेट्रोलच्या झाकणामागे एक स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे असतील: एक थोड्या माणसांसाठी, दुसरा भरलेल्या गाडीसाठी. पाच माणसं, डिकीत बॅगा आणि येताना आंब्याच्या पेट्या असणार असतील, तर दुसरा आकडा तुमचा. बहुतेक जण तो कधी वाचतच नाहीत आणि भरगच्च गाडी दोन माणसांच्या हवेवर नेतात. टायरच्या भिंतीवर ४४ किंवा ५१ पीएसआय असं छापलेलं असतं. ती टायरची कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. मोजणी सकाळी, गाडी किमान तीन तास उभी राहिलेली असताना करा, किंवा पंप दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल तर हळू जाऊन करा. साधा हवामापक काही शे रुपयांत मिळतो. तो गाडीत ठेवा. स्टेपनीची हवाही बघा. संकटात काढलेली स्टेपनी बसलेली निघाली, तर हमरस्त्याच्या कडेला कुटुंबासह ताटकळत राहावं लागतं.

नायट्रोजनबद्दलही खूप विचारणा होते. आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो, कोरडा असतो, एवढा फायदा मान्य. पण "नायट्रोजन तापत नाही, वाढत नाही" हे खरं नाही. तोही तेवढाच वाढतो. नायट्रोजन भरला म्हणून मोजणी सोडू नका, आणि प्रवासात नायट्रोजन मिळाला नाही म्हणून कमी हवेवर पुढे जाऊ नका. साधी हवा बिनदिक्कत भरा.

हवा बरोबर असून टायरच संपलेला असेल तर? कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो कायद्यानेही बाद आहे. खाचांच्या तळाशी असलेल्या छोट्या उंचवट्यांना नक्षी टेकली, की समजा वेळ आली. भिंतीवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराला दाखवा, आणि नक्षी कितीही चांगली दिसली तरी दहा वर्षांपुढे वापरू नका. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. भिंतीवर फुगवटा आला असेल तर त्या टायरवर एक किलोमीटरही जाऊ नका. आकारापुढचं इंग्रजी अक्षर वेगाची मर्यादा सांगतं. जे म्हणजे ताशी १००, एल म्हणजे १२०, एस म्हणजे १८०. आणि ही मर्यादा हवा आणि ओझं बरोबर असतानाच लागू असते.

वऱ्हाडाच्या गाड्या चालवणाऱ्या भावांनो, टेम्पो-ट्रकच्या मालकांनो, तुम्हाला वेगळं सांगतो, कारण तुमच्या एका गाडीत पंधरा-वीस जीव असतात. पासिंगपेक्षा जास्त माणसं बसवली की कंपनीने सांगितलेली हवाही अपुरी पडते. तिथे हवा वाढवणं हा उपाय नाही, माणसं कमी करणं हाच उपाय आहे. मागच्या जोडचाकांतल्या एकाची हवा उतरली की त्याचं ओझं जोडीदारावर पडतं आणि दोन्ही टायर तापतात, म्हणून आतलं चाकही मोजा. हात पोचत नाही म्हणून ते सोडलं जातं. रबर चढवलेला टायर आपोआप वाईट ठरत नाही. एसटी महामंडळही असे टायर वापरतं, विमानांचे टायरही पुन्हा चढवले जातात. पण काम चांगल्या ठिकाणी झालेलं असावं, आणि पुढच्या चाकांना ते लावू नयेत. पुढचा टायर फुटला की सुकाणूच हातातून जातं.

एवढं करूनही टायर फुटलाच, तर ब्रेकवर पाय मारू नका. पहिली उर्मी तीच येते आणि तीच गाडी उलटवते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडीला स्वतःहून मंद होऊ द्या, आणि वेग उतरल्यावरच डाव्या कडेला घ्या. दिवे लुकलुकते ठेवा, सगळ्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा, ११२ ला फोन करा. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावलेला असेल, तर या काही सेकंदांत जीव वाचण्याची शक्यता फार वाढते.

पेट्रोल पंपांच्या मालकांना मनापासून विनंती: मोफत हवा देणं ही तुमच्या सेवेतली ठरलेली गोष्ट आहे. यंत्र बंद ठेवू नका, त्याचा काटा तपासून घ्या, आणि हवा भरणाऱ्या मुलाला एवढं शिकवा की ग्राहकाला "किती भरू?" विचारण्याआधी दारावरचा स्टिकर बघ. त्याच्यासमोर एक फलक लावा: उन्हाळ्यात हवा कमी करू नये. परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशावर टायर तपासून, नक्षी संपलेल्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम याआधी राबवली आहे. ती या उन्हाळ्यात रोज चालावी, केवळ नक्षी न बघता हवाही मोजली जावी, आणि कमी निघाली तर तिथेच भरून मिळावी. गाडी तापलेली असेल तर मोजलेला आकडा थंड टायरपेक्षा चार-पाचने जास्त येईल, हे तपासणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. तापलेल्या टायरमध्ये स्टिकरवरचा आकडा दिसला, तर तो टायर कमी हवेचा आहे. हे सगळं उष्णतेची पहिली मोठी लाट येण्याआधी सुरू व्हावं.